जुडाकुला खडक : दुपारी जाऊ नका

इथे एकाने लिहिलंय की अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातला जुडाकुला खडक, म्हणजे जुन्या कोरीव खुणांनी भरलेला मोठा दगड, पाहिला, पण 'चार रेघांपलीकडे काही दिसलं नाही'. तुम्ही दुपारी गेला होतात का? डोक्यावर ऊन असलं की तो साधा राखाडी धोंडाच वाटतो. आम्ही पहिल्यांदा असेच परतलो. दुसऱ्या वेळी जवळच्या कलव्ही गावात मुक्काम करून सकाळी लवकर गेलो. तिरप्या उन्हात एकेक खळगा सावलीने भरत गेला आणि वर्तुळं, काड्यांसारख्या आकृत्या, सात बोटांचा पंजा असं सगळं उमटायला लागलं. मी पाऊण तास कठड्याला धरून उभी होते.

दगड शंखजिऱ्याचा, म्हणजे मऊ. त्यावर दीड हजारांहून जास्त खुणा आहेत. कडेला नीट बघा, वाडग्यांसाठी दगड कापून नेल्याच्या गोल खाचा दिसतात. त्या कोरीवकामाहूनही जुन्या मानतात.

चेरोकी या इथल्या मूळनिवासी लोकांसाठी ही जागा त्सुलकालूची, शिकारीचं रान राखणाऱ्या तिरप्या डोळ्यांच्या महाकाय पुरुषाची. डोंगरावरून उडी मारताना त्याचा हात इथे टेकला, अशी त्यांची कथा. १८३८ साली त्यांच्यातल्या हजारोंना या मुलखातून हाकलून दिलं, तरी मागे राहिलेल्यांचे वंशज जवळच राहतात आणि ही जागा मानतात. म्हणून कळकळीने सांगते, फोटो उठावदार यावा म्हणून रेघांत खडू भरू नका. पूर्वी लोकांनी ते केलंय. कठड्याच्या आतही उतरू नका, मुलांना तर मुळीच सोडू नका.