शाळेच्या बँडचे जुने चामडी ड्रम आणि बिगुल: दुरुस्ती कशी करावी, पन्नाशीच्या पुढं संचलन कसं बसवावं?

मंगळवारपेठ_८६
मंडळी, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा २६ जानेवारीला आहे. झेंडावंदन झालं की शाळेच्या मैदानाला एक फेरी आणि मग कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतून अंदाजे एक किलोमीटर संचलन, असा बेत आहे. वाजवणारे सगळे ऐंशीच्या दशकातल्या बँडमधले, म्हणजे आता पन्नास ते साठच्या घरातले. चार महिने हातात आहेत.

स्टोअररूममधून निघालेलं सामान असं: साइड ड्रम ८ (६ दोरीनं आवळायचे, २ आटेवाल्या रॉडनं आवळायचे, सगळे १४ इंची), २८ इंची बास ड्रम १, बिगुल १०, झांजांची एक जोडी, ट्रँगल आणि ड्रम मेजरची काठी. साइड ड्रमची चार पानं (वर-खाली ताणून बसवलेली कातडी) फाटलीत, बाकीची ढिली पडलीत. खालच्या पानावर थरथरणाऱ्या तारा जवळजवळ सगळ्या गेल्यात. बिगुल काळेठिक्कर आणि तीन माउथपीस आत घट्ट बसलेत.

प्रश्न असे की पानं चामड्याचीच घालावीत की फायबरची (प्लास्टिकच्या फिल्मची)? बिगुल वाजते होतील का? आणि सराव कुठून सुरू करावा? आवाज जुन्यासारखा हवा, हा सगळ्यांचा हट्ट आहे.

पानवाला
आधी एक काम करा. ड्रम सोडताना प्रत्येक रिंगेवर आणि बॉडीवर पेन्सिलनं एकच नंबर टाका, वरची रिंग-खालची रिंग असंही लिहा. चाळीस वर्षांत प्रत्येक रिंग आपापल्या ड्रमप्रमाणे वाकडी झालेली असते. अदलाबदल झाली की एकही ड्रम सरळ आवळला जात नाही.

मग बॉडीचा व्यास चार दिशांनी मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर फायबरचा विचार सोडून द्या. फायबर पान पक्क्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगेत बसवलेलं येतं, ती १४ इंचाला नेमकी गोल असते. लंबगोल बॉडीवर ती एका बाजूला अडकते, दुसऱ्या बाजूला ढिली राहते, आणि तुम्ही कितीही आवळा, पानावर सुरकुती राहणारच. चामडं मात्र ओलं असताना बॉडीचा आकार घेतं. जुन्या दोरीच्या ड्रमना ते जमतं याचं कारण हेच.

पान बकऱ्याच्या कच्च्या, केस काढलेल्या चामड्याचं घ्या. कमावलेलं चामडं घेऊ नका, ते बदबद वाजतं. उजेडासमोर धरून बघा: पाठीच्या कण्याची रेघ मधोमध यावी आणि दोन्ही बाजूंची जाडी सारखी दिसावी. पोटाकडचा भाग पातळ आणि ताणला जाणारा असतो, तो कापात येऊ देऊ नका. वरचं पान जाड, खालचं निवडून पातळ, कारण तारा खालच्या पानावर थरथरायच्या असतात. १४ इंची ड्रमला १८ इंचांचा गोल कापा, म्हणजे दोन्हीकडून दोन-दोन इंच रिंगेला गुंडाळायला मिळतात.

थंड पाण्यात अर्धा ते एक तास भिजवायचं, धुतलेल्या कापडासारखं मऊ होईपर्यंत. घाई म्हणून गरम पाणी वापरलं तर चामडं आकसून कडक होतं, ते फेकूनच द्यावं लागतं. आतल्या लाकडी रिंगेवर ते पसरा आणि कडा रिंगेभोवती वळवून चमच्याच्या दांड्यानं आत खोचत जा. समोरासमोर खोचायचं, म्हणजे आधी बारा वाजता, मग सहा, मग तीन, मग नऊ. ओलं असतानाच ड्रमवर चढवा आणि बाहेरची रिंग सगळीकडून सारखी सुमारे एक सेंटिमीटर खाली येईल इतकंच दाबा. हा एक सेंटिमीटर फार महत्त्वाचा. तो ठेवला नाही तर वाळल्यावर रिंग बॉडीच्या कडेशी येऊन बसते आणि पुढे आवळायला जागाच राहत नाही.

त्यानंतर दोन दिवस सावलीत ठेवा आणि हात लावू नका. जास्तीत जास्त पानं इथंच फुटतात: माणूस ओलं पान टणक वाजेपर्यंत आवळतो, रात्रीत ते वाळून आकसतं आणि सकाळी कडेला चिरलेलं सापडतं.

दोरी आतला गाभा असलेली विणलेली पॉलिएस्टरची, ६ मिमी. नायलॉन ताण दिला की लांबतच राहतं, सुती दोरी दमट हवेत स्वतःच आवळते. १२ इंच उंचीच्या ड्रमला ९ ते १० मीटर पुरते. दोऱ्यांच्या जोड्यांवर जे चामडी पट्टे सरकतात ते कोल्हापुरात करून घेणं सोपं आहे. चप्पल करणाऱ्यांकडे बाभूळ-हिरड्यात कमावलेलं जाड कातडं असतं, त्याचे पट्टे घडी घालून शिवून घ्या. इथं मात्र कमावलेलंच हवं. पट्टे खाली ओढले की ड्रम आवळतो, वाजवून झालं की वर सरकवून ढिला करायचा. रोज. ड्रम आवळलेल्या अवस्थेत कपाटात ठेवायची सवय हेच तुमच्या वाकड्या बॉड्यांचं कारण असणार.

नाद_लेझीमचा
इतका खटाटोप कशाला? सरळ फायबर घाला. पॉलिएस्टरच्या फिल्मची पानं १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाजारात आली ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. पाऊस, दव, ऊन, काही फरक पडत नाही.

पानवाला
सोय आहे हे मान्य. पण प्रश्नात "जुन्यासारखा आवाज" लिहिलंय. फायबरला टोकाचा टणत्कार जास्त येतो, चामड्याचा ठोका बसका आणि आखूड असतो. शिवाय एक पथ्य: एका रांगेत चार चामडी आणि चार फायबर असं करू नका. सकाळी गार हवेत चामडी खाली उतरतात, फायबर तिथंच राहतात, आणि आठजण मिळून वाजवत असले तरी दोन वेगळे बँड ऐकू येतात.

दोन रॉडवाल्यांची बॉडी गोल निघाली तरी त्यांनाही चामडंच घाला. बास ड्रमला मात्र फायबर चालेल, कारण २८ इंचांचं एकसारख्या जाडीचं पान मिळणं अवघड. त्याच्या पानाला आतून तीन इंच रुंद नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून लावा, घुमणं कमी होतं आणि ठोका पायाला कळतो.

हलगीघुमकं
पानं चढवायला हलगी मढवणाऱ्या कारागिराकडं जावा, कातडं निवडायची त्याची नजर तयार असतीया. फक्त त्याला आधी सांगा की ह्यो ड्रम शेकायचा न्हाई. हलगी वाजवायच्या आधी जाळावर धरली तर चालतंय, तिचं कडंच तसलं असतंय. साइड ड्रमची प्लायची बॉडी शेकली की सरस सुटतोय आणि जोड उघडतोय. आणि वाटेत कुणी हौसेनं हलगी-घुमकं लावायचं म्हणलं तर बँड थांबल्यावरच लावा. हलगीची लय चढत जाती, तुमच्या मंडळींचे पाय तिच्यामागं पळत्यात.

डाखकाम
बिगुलांबद्दल लिहितो. अडकलेल्या माउथपीसला पक्कड लावू नका आणि पिळू नका, नळी पिळवटते. जोडावर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी जोडाच्या बाहेरच्या अंगावर छोट्या लाकडी दांड्यानं चहूबाजूंनी हलकेच टकटक करा आणि सरळ ओढा. निघालं नाही तर पुन्हा तेल. तिसऱ्या दिवशीही हटून बसलं तर ब्रास बँडचं काम करणाऱ्याकडे माउथपीस ओढायचं क्लँपसारखं हत्यार असतं, तिकडे न्या.

आतून कोमट पाणी, थोडा साबण आणि दोरीला बांधलेलं मऊ कापड. बाहेरून चिंच चालते, पण पाच मिनिटांत धुऊन कोरडं करा. आंबट तसंच राहिलं की पितळेतलं जस्त झिजतं आणि लालसर डाग पडतात, ते पॉलिशनं जात नाहीत. रोज ब्रासो घासायची जुनी शिस्त आता नको, या बिगुलांचा पत्रा आधीच पातळ झालेला असणार.

गळती बघायला बिगुलाचं पुढचं रुंद तोंड बुचानं बंद करा, बादलीत बुडवा आणि दुसऱ्या टोकानं फुंका. बुडबुडे आले तिथं खूण करा. जोड उघडला असेल तर साधा डाख पुरतो. गॅस वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका, जास्त उष्णतेनं पितळ मऊ पडतं आणि शेजारचे जोडही सुटतात.

आता वाजवणाऱ्यांसाठी. बिगुलाला व्हॉल्व्ह (स्वर बदलायच्या कळा) नसतात, त्यामुळे कामाला येणारे स्वर पाचच: खाली सा, प, आणि वर सां, गं, पं. रे, म, ध, नी नाहीतच. "सिनेमातलं गाणं बिगुलवर घेऊया" असं कुणी बैठकीत म्हणेल, तेव्हा हे आठवा. दहा बिगुलांचे सूर जुळवताना जो चढा लागतो त्याचं माउथपीस दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा. सकाळच्या गारठ्यात सगळेच उतरतात, म्हणून वाजवण्याआधी पाच मिनिटं आत नुसता गरम श्वास सोडा.

ओठांचे स्नायू गेलेले असतात. पहिले तीन आठवडे फक्त सा आणि प, लांब सूर, रोज दहा मिनिटं, आणि जितकं वाजवलं तितकीच विश्रांती. वरचा पं लागत नाही म्हणून माउथपीस ओठावर दाबला की ओठ सुजतो आणि पुढचे तीन दिवस काहीच लागत नाही. पुढचे दात हलत असतील किंवा कवळी असेल त्यांना झांजा द्या. काचबिंदू, हर्निया किंवा चढता रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जोर लावून फुंकताना डोळ्यातला दाबही वाढतो.

मंगळवारपेठ_८६
खूप उपयोगी! एकानं अमेरिकेतल्या ड्रम कोरचे (ड्रम-बिगुलांच्या संचलन पथकांचे) व्हिडिओ ग्रुपवर टाकलेत, आता सगळ्यांना तसं हवंय 🙂 त्यातले बिगुल तर सगळी गाणी वाजवतात.

डाखकाम
ते वेगळं प्रकरण. तिकडचे बिगुल जी पट्टीतले आणि व्हॉल्व्हवाले होते. डीसीआय (ड्रम कोर इंटरनॅशनल) या त्यांच्या संघटनेनं १९९०पासून तीन व्हॉल्व्ह आणि २०००पासून कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्यं चालवून घेतली. शिवाय त्यांच्या मुख्य गटांत साधारण विशी-बाविशीपर्यंतचीच मुलं घेतात. ग्रुपवर एवढं शेवटचं वाक्य टाका, चर्चा आपोआप थांबेल.

कदमताल
वाद्यांचं झालं, आता पायांचं. सराव ड्रमपासून सुरू करू नका. पहिले दोन आठवडे कुणाच्या हातात काही नको, फक्त बास ड्रम आणि चाल.

एनसीसीतली तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, पाऊल ३० इंचांचं. हिशेब केला तर मिनिटाला ९१ मीटर. वाद्य घेऊन आणि फुंकत हे या वयात एक किलोमीटर टिकत नाही. ११० पावलं आणि २७ इंच धरा. मिनिटाला ७५ मीटर होतात, एक किलोमीटर सव्वातेरा मिनिटांत. फक्त दोन मिनिटं जास्त लागतात, पण बिगुलवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळते. मैदानावर चुन्यानं २७ इंचांवर दहा रेघा मारून पाऊल बसवा. मोबाइलवरचा मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं ॲप) ११० वर ठेवून तो बास ड्रमवाल्याच्या कानात द्या, बाकी कुणाच्या नको.

बास ड्रमचा जोरकस ठोका डाव्या पायावर. मागच्या रांगेची तक्रार हमखास येते की "पाय चुकतो". त्यात बहुतेक वेळा त्यांचा दोष नसतो. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे बास ड्रमपासून ३० मीटर मागं असलेल्याला ठोका पावलाच्या जवळजवळ सहाव्या हिश्शानं उशिरा ऐकू येतो. म्हणून बास ड्रम तुकडीच्या मधोमध ठेवा आणि कानापेक्षा पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवायला सांगा. दोन्ही बाजूंना उंच घरं असलेल्या बोळात प्रतिध्वनीनं हा गोंधळ वाढतो, तिथं साइड ड्रमनी रोल (ठोक्यांची सलग सरबत्ती) न करता साधे ठोके द्यावेत.

सुरुवात आधी ठरवून घ्या. चांगली चालणारी रीत: तीन पावलं रोल, चौथं रिकामं, पुन्हा तीन पावलं रोल, चौथं रिकामं, आणि नवव्या पावलाला, म्हणजे डाव्यावर, बिगुल. रोल "डॅडी-मम्मी"चाच, दोन उजवे दोन डावे, पण पावलागणिक हाताच्या तीन हालचाली, म्हणजे सहा ठोके. शाळेत असताना आठ घेत असाल, ११० ला आता हात आखडतात आणि रोल फाटतो. सुरुवात ६० वर करून दर आठवड्याला पाच-सातनं वाढवा. थांबण्यासाठी बास ड्रमचे दोन जोडठोके, त्यानंतर चालू ओळ पूर्ण करून सगळे एकदम बंद.

कोपऱ्यावर वळताना आतला गडी जवळजवळ जागेवर कदमताल करतो, बाहेरचा पूर्ण पाऊल टाकतो. बास ड्रमवाल्याला पुढचं काही दिसत नाही, त्याच्या उजव्या-डाव्या दोघांनी त्याला तोंडी सांगायचं. आणि स्पीडब्रेकर मोजून ठेवा! चालता चालता तो आला की माउथपीस दातावर आपटतो. तिथपर्यंत ओळ संपेल असं बसवा, बिगुल खाली आणि फक्त ड्रम. संचलनाच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात महिनाभर आधी द्या, मार्ग आणि वेळ लिहून.

पानवाला
त्या दिवसापुरतं एक. जानेवारीत पंचगंगेकडून धुकं येतं, सकाळी सातला पानं ढिली वाटतील. तेव्हा ती नेहमीच्या आवाजापर्यंत आवळा, त्यापुढे नाही. दहाच्या उन्हात ती आपोआप चढतात. मेळाव्याची भाषणं चालू असताना ड्रम उन्हात आवळलेले ठेवले तर एक-दोन पानं तिथंच जातील. सावलीत, पट्टे वर सरकवून ठेवायचे.

मंगळवारपेठ_८६
एक राहिलं. रॉडवाल्या दोन ड्रमचे सात रॉड नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातले ६ मिमीचे बोल्ट लावून पाहिले, दोन-तीन आटे जातात आणि अडकतात.

पानवाला
जोर लावू नका, आटे जातील. जुने रॉड बहुधा पाव इंची व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं इंग्रजी माप) असणार, इंचाला २० आटे. ६ मिमी मेट्रिकला इंचाला पंचवीसच्या वर पडतात, शिवाय तो थोडा बारीकही असतो, म्हणून आधी सैल जातो आणि मग अडकतो. शिल्लक रॉडपैकी एक आणि त्याची नट घेऊन उद्यमनगरात (आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत) कुठल्याही टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, जा, तो आटे मोजायच्या गेजनं दोन मिनिटांत सांगेल. सात लागत असले तरी दहा करून घ्या. डोकं जुन्या चावीत बसेल असं चौकोनी ठेवायला सांगा, आणि चावीही सोबत न्या.