एप्रिलमध्ये जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन: पाणी, वारा आणि स्लीपिंग बॅग

भटकंती_चालू
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघं गाडीने निघतोय. अमेरिकेतल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमधल्या जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंडला ३ रात्री, डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला २, झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडला २. बुकिंग झालंय. तंबू साधा, वरचा अर्धा भाग जाळीचा. पाणी किती न्यायचं? वाऱ्यात तंबू टिकेल? एकच स्लीपिंग बॅग सगळीकडे चालेल? शिवाय झायनला नॅरोज, म्हणजे अरुंद घळीत नदीच्या पाण्यातून चालत जायची वाट, करायचंय.

कोरडा_ओढा
जम्बो रॉक्सला नळ नाही, पाणी आत शिरण्याआधीच भरून घ्या. दक्षिणेकडून येत असाल तर कॉटनवुडला मिळतं. माणशी दिवसाला ४ लिटर, म्हणजे तीन दिवसांचे २४. हात-भांड्यांना ६ धरा. हे ३० लिटर एका मोठ्या कॅनमध्ये नकोत. १०-१० चे तीन घ्या. एकाची तोटी गळली तरी दोन शाबूत राहतात.

चालताना तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. जवळचं अर्धं संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरा. आणि सोबत काहीतरी खारट खात राहा. नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं; माणसाला वाटतं ऊन लागलं, म्हणून तो आणखी पाणी पितो. इथेच घात होतो.

चोया निवडुंगाचा काटेरी गोळा चिकटला तर बोटांनी ओढू नका, बोटांतच रुततो. कंगवा त्वचा आणि गोळा यांच्यामध्ये घालून झटक्यात उडवायचा, उरलेले काटे चिमट्याने.

खुंटी_आणि_दोर
वसंतात या वाळवंटांत खरा त्रास उन्हापेक्षा वाऱ्याचा. तंबूसोबत आलेल्या बारीक खुंट्या कडक खडीत वाकतात आणि भुसभुशीत वाळूत उपटून येतात. त्यामुळे ताणाचे दोर भरलेल्या पाण्याच्या कॅनना नाहीतर टेबलाच्या पायाला बांधा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार विरुद्ध दिशेला.

दिवसभर बाहेर जाणार असाल तर दांडे काढून तंबू आडवा करा, वर कॅन ठेवा. उभा रिकामा तंबू म्हणजे पतंगच! जाळीतून पिठासारखी वाळू येतेच, म्हणून स्लीपिंग बॅग झोपेपर्यंत पिशवीतच राहू दे.

भटकंती_चालू
दोर गाडीला बांधले तर?

खुंटी_आणि_दोर
चालेल, पण दोराला रंगीत कापड अडकवा. सकाळी घाईत गाडी सुरू केली की दांडा मोडलाच.

उंची_बघा
बॅगेचं उत्तर उंचीत आहे. जम्बो रॉक्स ४,४०० फुटांवर, फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या १९६ फूट खाली. दर हजार फुटांना साधारण २-३ अंशांचा फरक. जम्बो रॉक्सला पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो, तर फर्नेस क्रीकला नुसती चादर पुरते. बॅग शून्य अंशाची घ्या, पूर्ण चेन उघडणारी. गरम जागी ती पांघरूण होते. खालची चटई मात्र चांगली हवी, थंडी जमिनीतून चढते. गॅसचा कॅन रात्री बॅगेत घ्या. साधं ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, मग सकाळचा चहा विसरा.

डेथ व्हॅलीत सखल भागातलं चालणं दहाच्या आत उरका.

नॅरोजवर फार भिस्त ठेवू नका. व्हर्जिन नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की वाट बंद करतात, आणि एप्रिलमध्ये वरचा बर्फ वितळत असल्याने बहुतेक वेळा तसंच असतं. आदल्या संध्याकाळी व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा. बंद असेल तर वॉचमन ट्रेल करा, सव्वापाच किलोमीटर जाऊन-येऊन, तुमच्या तंबूपासून चालतच सुरू होते.