पाच दिवस, एक बॅग आणि आपलं माप

मी: शुक्रवारी निघतेय. पाच दिवस शहरात पायीच फिरायचंय, ऊन मरणाचं असणार. केबिन बॅगेला ७ किलोची मर्यादा. व्हिडिओत सगळे सांगतात, अगदी मोजके कपडे घ्या, काही लागलंच तर तिथे विकत घ्या. माझं माप फोर एक्सएल, ते तिथे आयत्या वेळी मिळणार कुठून? काय कमी करू, सांगा.

वहिनी: जीन्स. सगळ्यात आधी ती काढ. मी एकदा काट्यावर ठेवली होती, माझी ७८० ग्रॅम भरली. पलाझो २४०. एका जीन्सच्या वजनात तीन पलाझो येतात.

मी: व्हॅक्यूमच्या पिशव्या आणल्या तर?

दादा: त्याने जागा वाचते गं, वजन तेवढंच राहतं.

मावशी: आत्ता वाचलं. वरचे कपडे हवे तेवढे कमी कर, आतल्यांत काटकसर करू नकोस. मागच्या उन्हाळ्यात मी मांड्या घासू नयेत म्हणून आतून घालायची शॉर्ट एकच नेली होती. रात्री धुतली, सकाळी कमरेचं इलॅस्टिक ओलंच. म्हटलं, एक दिवस तिच्याशिवाय चालेल. दुपारपर्यंत दोन्ही मांड्या आतून सोलवटल्या. पाऊल टाकलं की आग व्हायची. चार दुकानं फिरले, माझ्या मापाची शॉर्ट कुठेच नाही. पुढचे दोन दिवस खोलीत पडून काढले.
म्हणून तीन घे. एक अंगात, एक वाळत, एक कोरडी जवळ. तिन्ही मिळून एका टॉपएवढी जागा घेतात. लांबी गुडघ्याच्या जरा वर हवी, आखूड असली की गोळा होऊन वर सरकते आणि त्या वळकटीनेच जास्त घासतं.

वहिनी: आणि मांड्यांना पावडर नको. घामाने तिचे गोळे होतात. व्हॅसलिन लाव, दुपारी परत एकदा.

दादा: मावशी, हा त्रास मलाही होतो. आजवर कुणाला बोललो नव्हतो.

मावशी: अरे, मग बोलायचं ना! पुरुषांच्या लांब पायांच्या अंडरवेअर मिळतात, ट्रंक म्हणतात, त्या घे. सुती जाड नको, नायलॉन-स्पॅन्डेक्सची लवकर वाळते.

मी: टॉप किती घेऊ?

मावशी: अंगावरचा धरून तीन. पलाझो दोन, आणि तिन्ही टॉप त्या दोन्हींवर चालले पाहिजेत, नाहीतर एक उगाच बॅगेत राहतो. फिका राखाडी नको, काखेतला घाम लगेच दिसतो. बारीक प्रिंटचा घे. लिनन असेल तर उत्तम. रेयॉनही गार असतं, पण भिजलं की कमजोर होतं, पिळू नकोस. टॉवेलवर पसरायचं, टॉवेलसकट गुंडाळायचं आणि त्या गुंडाळीवर उभं राहायचं. पाणी टॉवेलमध्ये उतरतं, मग पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतं.

वहिनी: ब्रा दोन तरी हव्यातच. एक अंगात, एक बॅगेत. कप एकात एक दाबू नकोस, मोडतात. त्यांत मोजे भर, जागाही वाया जात नाही. पट्ट्याखाली पुरळ येत असेल तर पातळ सुती रुमाल आतून धर.

मी: चपलेचं काय?

वहिनी: जुनी, सवयीची, मागे पट्टा असलेली. उन्हात चालून पाय सुजतात, पट्टा सैल करता आला पाहिजे.

मावशी: आणि बॅग भरायच्या आधी तोच पूर्ण जोड घालून तासभर चालून ये. बसूनही बघ. उभं असताना नीट वाटणारं कापड बसल्यावर पोटाला काचतं, हे घरीच कळलेलं बरं.

मी: आत्ताच चालून आले. निळी पलाझो बाद, नाडीची गाठ रुतते. करडी घेतली. बॅग ५ किलो ६०० भरली, जीन्स कपाटात परत.

मावशी: तिसरी शॉर्ट?

मी: खांद्यावरच्या पर्समध्ये. आणि दादासाठी दोन ट्रंक मागवल्यात, लांब पायांच्या.