कीर्तनापासून यूट्यूबपर्यंत: चर्चची प्रचाराची पद्धत नेमकी कशामुळे बदलते?

नेवासेकर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव नेवासे तालुक्यात, वडाळा मिशनच्या जवळच. आजी सांगायची की तिच्या लहानपणी ख्रिस्ती कीर्तन व्हायचं, बुवा चिपळ्या घेऊन उभे, मागे मृदंग, आणि ऐकायला ख्रिस्ती नसलेली माणसंपण बसायची. परवा पुण्यात मित्राच्या चर्चला गेलो तर स्टेजवर ड्रमसेट, स्क्रीनवर गाण्याचे शब्द, पाळक जीन्समध्ये आणि सगळं यूट्यूबला लाइव्ह. मी ख्रिस्ती नाही, वाद घालायला आलेलो नाहीये, पण हे बदलतं कसं? धर्मशास्त्र बदलतं म्हणून की पैसा बदलतो म्हणून?

पोथीवाला:
नगरचंच उदाहरण घे ना, अख्खा इतिहास तिथे सापडतो. अमेरिकन मराठी मिशनचे (अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचं काम) लोक 1813 ला मुंबईत आले तेव्हा आधी शाळाच काढत सुटले, शिकवायला ब्राह्मण पंतोजी पगारावर, 1824 ला मुलींची शाळासुद्धा. 1831 पासून नगर. हिशोब असा की पोरं शिकली की आपोआप सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, ऐकतील. ऐकली की नाही माहीत नाही, पण अक्षरं मात्र शिकली! मग मिशनच्या बॉस्टनमधल्या मुख्य ऑफिसातले सेक्रेटरी रुफस अँडरसन 1854-55 ला स्वतः पाहणीला आले. त्यांचं म्हणणं, मिशनचं काम शाळा चालवणं नाही, गावोगावी मंडळ्या (स्थानिक ख्रिस्ती समाज) उभ्या करा, त्यांचा पाळक तिथलाच असू दे, त्याचा पगार मंडळीनंच उचलावा आणि पुढचा प्रचारही तिनंच करावा. झालं, इंग्रजी शाळांवर गदा आली आणि हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक यांना पाळकाची दीक्षा मिळाली. पुढे काही वर्षांनी परत शाळा काढाव्या लागल्याच, कारण मंडळीतल्या पोरांना शिकवणार कोण. तर तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: धर्मशास्त्र तेच राहतं, पण त्यातलं कुठलं पान उघडायचं ते पैसे पाठवणारा ठरवतो.

चिपळी:
पोथीवाले, सगळं बॉस्टनला देऊ नका हो. कीर्तन काय बॉस्टनहून आलं का? नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी 1860 नंतर ते सुरू केलं, पूर्वरंग-उत्तररंग सगळं आपल्या पद्धतीनं. गोरा मिशनरी साहेब बाजारात उभा राहून बोलायला लागला की लोक दहा मिनिटांत पांगायचे, कीर्तनाला मात्र रात्र रात्र बसायचे, मग मिशनलाही ते पटलं. आणि कवी ना. वा. टिळक! 1895 ला बाप्तिस्मा, स्वतःच म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. अभंगच्या अभंग लिहिले, आजही रविवारी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की त्यांचीच गाणी. पण मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव घुसमटला आणि 1917 ला नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले दोघांनाही दार उघडं. दोन वर्षांत गेले बिचारे. हा माणूस अजून दहा वर्षं जगला असता तर मराठी चर्च वेगळं दिसलं असतं असं मला नेहमी वाटतं.

रोखठोक७७:
गोडगोड चाललंय सगळं. दुष्काळाचं कोण बोलणार? 1876-78 आणि मग 1896 ते 1900, नगर जिल्हा होरपळला, मिशनकडे धान्य होतं आणि महार-मांग वाडेच्या वाडे बाप्तिस्म्याला उभे राहिले. ही पद्धत नव्हती तर काय होतं?

पोथीवाला:
रोखठोक, दुष्काळाचा मुद्दा रास्त आहे, पण अर्धा. पोटासाठी आलेला माणूस टिकेल का ही शंका खुद्द मिशनऱ्यांनाच होती. आणि गावात पाणवठ्यावर उभं राहू न दिलेल्या माणसाला शाळा आणि नावानं हाक मारणारं कुणी मिळत असेल तर तो नुसता भाकरीसाठी गेला असं म्हणणं हा त्याचाच अपमान झाला. दुष्काळानं पद्धत बदलली हे मात्र खरं. आधी एकेक शिकलेला ब्राह्मण गाठून वादविवाद चालायचे, आता अख्ख्या वस्त्या, अनाथ पोरं, त्यांना सुतारकाम, विणकाम शिकवायच्या उद्योगशाळा. प्रचारक आता मास्तर आणि वॉर्डन पण झाला.

वसईची पोर:
कॅथलिक बाजूनं थोडं. 'काळाप्रमाणे सुधारत गेले' असं सरळ नसतं ते. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी 1616 ला ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापलं आणि 1684 ला तिथल्याच पोर्तुगीज सरकारनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागा. म्हणजे पुढे जाऊन उलटे फिरले! आमच्याकडे आजोबांच्या वेळी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये, कुणाला ओ की ठो कळायचं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची रोममधली बैठक, 1962-65) मराठीत आली आणि इतर धर्मीयांशी संवाद करा असं रोमनंच सांगितलं.

नेवासेकर:
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. पण जीन्सवाल्या पाळकाचं राहिलं की. तो यातल्या कुणाचा वारस?

चिपळी:
बहुतेक कुणाचाच नाही दादा, निदान मिशनचा तरी नाही. जुन्या मिशनच्या बऱ्याच मंडळ्या 1970 ला नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (अनेक प्रोटेस्टंट चर्चेसची एकत्र संघटना) गेल्या, तिथे समिती, ठराव, बदल्या सगळं असतं. ही नवी चर्चेस बहुधा स्वतंत्र, पाळकाला वाटलं तर पुढच्या रविवारी ड्रम आणता येतो. पण मोठ्यानं प्रार्थना, रडणं, हात वर करणं हे नवीन समजू नकोस. 1905 ला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये केडगावला हेच झालं होतं, मुलीच प्रार्थना करत होत्या आणि टोळ्या करून खेड्यापाड्यांत सांगायला जात होत्या. काही मिशनरी मंडळींनी तेव्हाही नाकं मुरडली होती. पुण्याहून दौंडच्या गाडीनं केडगाव फार लांब नाही, जमलं तर एकदा जाऊन ये.