शब्दचर्चा : देवाशी ‘सायुज्य’ की ‘मीलन’?

प्रश्न (म्हापसा) :
सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत-कवी, क्रूसाचे संत योहान यांची ‘काळोखी रात्र’ ही स्पॅनिश कविता आमच्या वाचनमंडळासाठी मराठीत आणते आहे. पाचव्या कडव्यात रात्रच प्रियकराला आणि प्रियेला जोडते आणि प्रिया प्रियकरात पालटते. देवाशी जडलेल्या या नात्याला काय म्हणू : मीलन, ऐक्य, विलय की सायुज्य? मी कॅथलिक आहे. लूथरन (मार्टिन लूथरना मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथातल्या) वाचकाला यातला कोणता शब्द खटकेल, हेही हवे आहे.

उत्तर (मडगाव) :
ताई, मी लूथरन घरातला, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

‘मीलन’ सिनेमाच्या गाण्यांनी पार झिजवला आहे. ‘ऐक्य’ म्हटले की सभा-मोर्चे आठवतात. ‘विलय’ मात्र गोव्यात नकोच. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असणारे आणि नको असणारे एवढे दोघेही जाणून होते, की विलीन झाल्यावर वेगळे उरता येत नाही. योहानांना ते म्हणायचेच नाही. त्यांचा दाखला खिडकीच्या काचेचा आहे : ऊन पडले की स्वच्छ काच उन्हासारखीच लखलखते, तरी काच ती काचच.

उरला ‘सायुज्य’. कीर्तनात वाढलेल्या कानाला तो चार मुक्तींतली शेवटची मुक्ती म्हणून ऐकू येतो, जिथे मीपण संपते. पण मुळाशी जा. धातू ‘युज्’, म्हणजे जोडणे. ऋग्वेदात ‘द्वा सुपर्णा सयुजा सखाया’ : एका झाडावर जोडीने बसलेले दोन पक्षी, आणि ते दोनच राहतात. योहानांचे क्रियापद ‘हुंतास्ते’, म्हणजे ‘तू जोडलेस’. ते लॅटिनमधून आले आणि त्याचे मूळ आपल्या ‘युज्’शी सख्खे आहे. हे कळले त्या दिवशी मी फार हरखलो होतो.

मला खटकते ते नाम नव्हे, त्याला जोडलेले क्रियापद. ‘सायुज्य साधले’ लिहू नका. ‘साधणे’ आले की साधना आली, पायऱ्या आल्या, शिखर आले. मार्टिन लूथरनी १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिताना नवरा-नवरीचेच चित्र घेतले, पण त्यांच्याकडे लग्न आधी लागते. वचन देवाचे, विश्वासाने ते धरले की नवरीचे पाप नवऱ्याचे होते आणि नवऱ्याचे नीतिमत्त्व नवरीचे. चढण चढून गेल्यावर मिळणारे बक्षीस ते नव्हे. म्हणून ‘लाभले’ म्हणा, ‘जडले’ म्हणा. कवितेतही जोडणारी रात्र आहे, प्रिया नाही.

त्याच लेखनात लूथर तापलेल्या लोखंडाचा दाखला देतात. लोहाराच्या भट्टीत कोयता पाहिला असेल : आधी लाल, मग नारिंगी, आणि बाहेर काढला की बघता बघता काळवंडतो. तेज आगीचे, लोखंडाला ती लागून असेपर्यंतच. योहान मात्र ओल्या लाकडाचा दाखला देतात. आग आधी त्यातले पाणी बाहेर काढते, मग ते काळे पडते, घाण वास सुटतो आणि शेवटी तेच पेटून आग होते. लूथरन म्हणून मला लोखंड जवळचे, कारण ते लोखंडच राहते. पण दुःखाबद्दल लाकूड जास्त खरे बोलते. डिसेंबर १५७७ मध्ये योहानांना त्यांच्याच कार्मेलाइट या कॅथलिक संन्याशांच्या संघातल्या माणसांनी धरून नेले आणि स्पेनमधल्या तोलेदोत सुमारे नऊ महिने कोंडून ठेवले. धुमसणे म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होते.

पुन्हा प्रश्न (म्हापसा) :
पटले, ‘जडले’ घेते. एक अडचण आहे. स्पॅनिशमध्ये आत्मा स्त्रीलिंगी, आपल्याकडे पुल्लिंगी. ‘तो आत्मा’ नवरी कसा होणार?

उत्तर (मडगाव) :
कवितेत ‘आत्मा’ हा शब्दच नाही, तो त्यांनी पुढे लिहिलेल्या विवरणात येतो. कवितेत बोलणारी नुसती ‘मी’ आहे, आणि ती बाई आहे हे स्पॅनिशमध्ये विशेषणांवरून कळते. पुरुष कवीने बाई होऊन देवाला हाक मारणे मराठीला परके नाही; ज्ञानदेवांच्या विराण्या आहेतच. शिवाय आपल्याकडे ते क्रियापदातच भागते. पहिल्या कडव्यात लिहा : ‘कुणाच्या नजरेस न पडता मी निघाले, घर माझे निजले होते.’