प्रतिसाद: पोस्टरने काय होतं?

वर एका दादांनी लिहिलंय की एड्सचं भीतीदायक पोस्टर लावलं की पुरे, पोरांशी हे विषय बोलायची गरज नाही. अजिबात पटलं नाही. घाबरलेला माणूस तपासणीला येतच नाही, लपवतो.

आपल्या सांगलीतच १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेने उलटा रस्ता धरला. देहविक्रय करणाऱ्या बायांनीच एकमेकींना निरोध वापरायला शिकवलं, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं बळ दिलं. पुढे त्यांची स्वतःची 'वॅम्प' संघटना उभी राहिली. मान मिळाला म्हणून संसर्गाला आळा घालणं जमलं, असं माझं ठाम मत आहे.

आणि घरातल्या बायकांचं काय? 'अंगावरून पांढरं जातंय' हे आशाताईच्या कानात सांगायलाही वर्ष जातं. तपासणीत लैंगिक संसर्ग निघाला तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो विट्याकडचा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला परराज्यात. सुट्टीला आला की पुन्हा तेच दुखणं. दोष कुणाचा हे काढत बसण्यापेक्षा दोघांना एकत्र बोलवा. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये उपचार मोफत आहेत, एचआयव्हीची तपासणीही मोफत आणि गोपनीय. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येतं. पोस्टरवर कवटीऐवजी हा नंबर मोठा छापा.