मदत हवी आहे : यंदा चौथ्यांदा व्हिसाशिवाय जायचंय, अडवतील काय?

हुपरीकर (१२ सप्टेंबर २०२५)
तिकीट २२ तारखेचं काढलंय. व्हिसा लागत नाही, तरी मागच्या खेपेला बाजूला घेऊन "सारखं का येता" म्हणून विचारलं. वर्षात किती वेळा चालतंय? लवकर सांगा, गूगल करा म्हणू नका.

रंकाळा_काठ
देश कुठला ते तरी सांगा की ओ! कझाकस्तानला एका वेळी १४ दिवस, १८० दिवसांत मिळून ४२. मलेशियाला ३०.

हुपरीकर
थायलंड. अजून कुठं?

तांबडा_पांढरा
सप्टेंबर २०२५ चे नियम सांगतो : १५ जुलै २०२४ पासून आपल्याला व्हिसाशिवाय ६० दिवस. विमानानं किती खेपा, याला ठरलेला आकडा नाही. जमिनीवरून मात्र कॅलेंडर वर्षात दोनदाच. पण काउंटरवर खेपांपेक्षा दिवस बघतात. दरवेळी किती राहिलात?

हुपरीकर
५५, ५८, ५०. ऑगस्टअखेर परतलो.

तांबडा_पांढरा
म्हणजे आजवरच्या २५५ दिवसांत १६३ तिकडं. याला पर्यटन कोण म्हणेल?

गंगावेस
एवढं कशाला? दक्षिण थायलंडात हात्याईला जा, पादांग बेसारला सीमा ओलांडून मलेशियात पाय ठेवा, परत या. नवे ६० दिवस.

तांबडा_पांढरा
त्याच दिवशी बाहेर-आत केल्याचे शिक्के म्हणजे संशयाला आमंत्रण. दिवस कमी पडले तर तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात टीएम ७ फॉर्म आणि १,९०० बाट भरून ३० दिवस वाढवून मिळतात, तेही मुदत संपायच्या आत. घरमालकानं टीएम ३० (परदेशी माणूस राहतोय ही नोंद) नोंदवलेलं असावं. मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड, २०,००० पर्यंत. आणि हुपरीकर, तिकडं करता काय?

हुपरीकर
रत्नांचे खडे बघतो, माल ठरवतो. बाकी वेळ कारखान्यात कारागिरांना डिझाइन दाखवतो. पगार घेत नाही.

तांबडा_पांढरा
घोडं इथंच पेंड खातंय. सौदा ठरवणं चालतं. कारखान्यात बसून शिकवणं हे कामच, पगार असो नसो. त्याला वर्क परमिट लागतं. तिथल्या कंपनीकडून पत्र आणि तिची नोंदणीची कागदपत्रं मागवा, नॉन-इमिग्रंट बी (धंदा-कामाचा व्हिसा) चा अर्ज ई-व्हिसा साइटवर करा.

उजळाईवाडी_टेकऑफ
डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) घ्या! पाच वर्षं, एका खेपेला १८० दिवस, बँकेत ५ लाख बाट दाखवायचे.

तांबडा_पांढरा
त्यावर थाई कारखान्यात बसता येत नाही. वाचून तरी लिहा.

रंकाळा_काठ
पासपोर्ट ईसीआर (काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागणारा) आहे काय? थायलंड त्या १८ देशांच्या यादीत येतंय. अट नोकरीसाठीच आहे, पण म्यानमारमधल्या म्यावाडीच्या सायबर फसवणूक अड्ड्यांच्या प्रकरणापासून मुंबईतही विचारपूस होते. परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग, २०,००० बाट रोख हाताशी ठेवा. टीडीएसी (थायलंडचं ऑनलाइन प्रवेश कार्ड) पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, फुकट असतंय. पैसे मागणारी साइट बनावट. शिक्क्यांनी पानं भरत आली असतील तर पुढच्या वेळी ६० पानी पासपोर्ट काढा, २,००० रुपये.

गंगावेस
मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊ नका, विमान गाठायचं तर एक दिवस आधी निघा.

उजळाईवाडी_टेकऑफ
ते कुणी विचारलंय?

हुपरीकर
मग २२ चं तिकीट रद्द करू?

तांबडा_पांढरा
कारखान्यात बसणार असाल तर तारीख पुढं ढकला, आधी व्हिसा घ्या. नुसते खडे बघायचे असतील तर आठ दिवसांचं परतीचं तिकीट काढा आणि विचारलं तर खरं तेच सांगा.

मिसळ_कट
थायलंडातल्या चंथाबुरीच्या रत्नबाजारात पुष्कराज स्वस्त मिळतो काय ओ? शुक्रवार ते रविवार भरतोय म्हणे.